नववीच्या मुलांनी दुर्बिणीचा आरसा हाताने घासावा का?

शर्मिष्ठा

नमस्कार मंडळी. मी सातारा जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत विज्ञान आणि गणित शिकवते. माजी विद्यार्थ्यांनी आमच्या विज्ञान मंडळाला थोडी रक्कम दिली आहे आणि तिचं काय करायचं यावरून शिक्षकखोलीत दोन तट पडलेत. एका तटाचं म्हणणं, चांगली तयार दुर्बीण आणा, मुलं त्याच संध्याकाळी गुरूचे चंद्र बघतील. दुसऱ्या तटात मी जवळपास एकटीच आहे. मला वाटतं, काच, कार्बोरंडमची (काच घासायची कठीण) पूड आणि पिच (डांबरासारखा चिकट पदार्थ) आणावं आणि नववीच्या मुलांकडून सहा इंची आरसा घासून घ्यावा.

ज्यांनी हे काम पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. सारख्या मापाच्या दोन जाड गोल काचा घ्यायच्या. एक पिंपावर पक्की बसवायची, तिच्यावर पाण्यात कालवलेली पूड टाकायची आणि दुसरी काच वर ठेवून पुढेमागे घासायची. मधूनमधून वरची काच थोडी फिरवायची आणि आपणही पिंपाभोवती एक पाऊल सरकायचं. एवढंच करत राहिलं की वरची काच मध्ये खोलगट होते आणि खालची तेवढीच फुगीर. कसाही फिरवला, सरकवला तरी दुसऱ्याला सगळीकडून टेकलेला राहील असा पृष्ठभाग गोलाचाच असतो, त्यामुळे साच्याशिवाय दोन्ही काचांना गोलाचा आकार येतो. सुरुवात ८० नंबरच्या जाड पुडीने करायची, मग १२०, २२०, ४००, ६०० अशी बारीक बारीक पूड. शेवटी पिचच्या थरावर सिरियम ऑक्साइडने पॉलिश.

आता गंमत बघा. सहा इंच व्यासाचा आणि १२०० मिमी नाभीय अंतराचा आरसा मध्यभागी किती खोल असेल? १.२ मिमी, बस्स. वक्रता त्रिज्या २४०० मिमी धरली की पायथागोरसच्या प्रमेयाने हे उत्तर फळ्यावर काढता येतं. आमची मुलं प्रकाशाच्या परावर्तनाच्या धड्यात 'नाभीय अंतर म्हणजे वक्रता त्रिज्येच्या निम्मे' हे पाठ करतात, त्यावरची उदाहरणं सोडवतात, पैकीच्या पैकी गुण घेतात. अंतर्गोल आरसा हातात घेऊन भिंतीवर खिडकीची उलटी प्रतिमा पाडलेली मुलं मात्र वर्गात फारच थोडी निघतात. प्रयोगवही पूर्ण असते आणि प्रयोग झालेलाच नसतो, हे शिक्षकांना सांगायला नको.

पाबळच्या विज्ञान आश्रमात डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ पासून हाताने काम करत शिकण्याचा जो मार्ग घालून दिला, तो मला पटतो. मूल एखादी खरी, उपयोगाची वस्तू करतं तेव्हा त्यातलं विज्ञान त्याला विचारावंच लागतं. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या कार्यशाळेत मी स्वतः आरसा घासायला शिकले, त्यामुळे हे काम आवाक्यातलं आहे याची खात्री आहे. तुमची मतं हवी आहेत, विरोधी असली तर जास्तच.

ठाणेकर

शर्मिष्ठाताई, विरोधी मत माझं घ्या.

मी गेली बरीच वर्षं आकाश बघतो. वांगणीला रात्र रात्र बसलो आहे, आणि आता इमारतीच्या गच्चीवरून सीस्टार एस५० वापरतो. ही २०२३ साली आलेली स्मार्ट दुर्बीण. भिंग फक्त ५० मिमीचं, पण ती आपणहून तारा शोधते, दहा-दहा सेकंदांचे फोटो काढून एकावर एक रचत जाते, आणि ठाण्याच्या पिवळ्या आभाळातूनही काही मिनिटांत फोनवर दीर्घिकेचे फाटे दिसायला लागतात. डोळ्याने हे सहा इंची दुर्बिणीतूनही शहरात दिसणार नाही.

माझे मुद्दे तीन. एक, आजचं खगोलशास्त्र आयपीसला, म्हणजे दुर्बिणीच्या डोळ्याकडच्या भिंगाला, डोळा लावून होत नाही. खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीत ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेना आहेत, तिथे आयपीस कुठे आहे? काम होतं ते आकड्यांवर. मुलांना खरं शास्त्र शिकवायचं तर एखाद्या चलताऱ्याचे (ज्याचं तेज कमीजास्त होतं अशा ताऱ्याचे) महिनाभर फोटो घेऊन त्याची तेजस्विता मोजायला लावा, आलेख काढायला लावा. अमेरिकेतली चलतारे निरीक्षकांची संघटना १९११ पासून हौशी लोकांची निरीक्षणं गोळा करते आहे, तिथे मुलांची मोजमापं जाऊ शकतात. दोन, तुमच्या आरशाला तीन मुलं हात लावणार आणि उरलेला वर्ग बघत बसणार. फोटोंवर सगळा वर्ग एकाच वेळी काम करतो. तीन, ही मुलं उद्या ज्या नोकऱ्या करतील त्यात सॉफ्टवेअर असणार, काच नसणार.

मला तुमची तळमळ कळते. पण वेळ मर्यादित आहे आणि तो कुठे घालायचा हा प्रश्न आहे.

स्वातीनक्षत्र

मी पालक म्हणून लिहिते. माझी मुलगी नववीत आहे, पुण्यात. शाळा, मग फाउंडेशनचा क्लास, मग क्लासचा गृहपाठ. रविवारी चाचणी. तिला कोणी 'चल, काच घासू' म्हटलं तर ती आनंदाने जाईल, पण कुठल्या वेळेत जाईल हे मला सांगता येणार नाही. आमच्या पिढीत शिवण, रांगोळी, पतंग, सायकलचं पंक्चर, काहीतरी हाताला असायचं. हिच्या हाताला पेन आणि फोन सोडून काहीच नाही, याची मला मनापासून काळजी वाटते.

एक शंका. काचेची पूड मुलांच्या छातीत जाणार नाही ना?

शर्मिष्ठा

स्वातीताई, घासणं सगळं ओलं असतं, त्यामुळे पूड उडत नाही. काळजी घ्यायची ती नंतर. सांडलेला चिखल वाळू द्यायचा नाही, ओल्या फडक्याने पुसून घ्यायचा, झाडू अजिबात मारायचा नाही. वर्गाबाहेरच्या व्हरांड्यात, फरशीवर, असाच बेत आहे.

ठाणेकर, तुमचा दुसरा मुद्दा मला खरोखर अडचणीचा वाटतो. त्यावर विचार करते आहे.

गुण्या_कानस

मी टूलरूममधला माणूस. नाशिकला सातपूरच्या एमआयडीसीत उभं आयुष्य गेलं, आता निवृत्त आहे. दुर्बिणीतलं मला कळत नाही, घासण्यातलं कळतं, म्हणून लिहितो. थोडं लांबेल.

आयटीआयला फिटर ट्रेडला गेलं की पहिलं काम काय देतात? लोखंडाचा ठोकळा आणि कानस. बाजू सपाट कर, शेजारची बाजू काटकोनात आण. झालं की गुण्या (काटकोन तपासायचं साधन) लावायचा आणि उजेडासमोर धरायचा. गुण्या आणि ठोकळा यांच्यामधून उजेड दिसला की परत व्हाइसला. पोरं रडकुंडीला येतात. हाताला फोड येतात. आणि एक दिवस उजेड दिसत नाही. त्या दिवशी पोराची चाल बदलते, हे मी पाहिलेलं आहे, एकदा नाही, दर बॅचला.

पुढे स्क्रेपिंग येतं. सरफेस प्लेटला (सपाटपणा तपासायच्या प्लेटला) निळा रंग लावायचा, जॉब, म्हणजे हातातला तुकडा, तिच्यावर फिरवायचा, जिथे निळं लागलं तिथे उंचवटा आहे, तेवढाच खरवडायचा. परत निळं, परत खरवड. आता सरफेस प्लेट तरी सपाट कशावरून? तर मूळची पद्धत अशी की तीन प्लेटी घ्यायच्या आणि आलटूनपालटून एकमेकींवर जुळवायच्या. दोनच घेतल्या तर एक खोलगट आणि एक फुगीर होऊनही जुळतील, ताईंच्या काचांसारख्याच. तिसरी आली की तिन्ही सपाट झाल्याशिवाय सुटका नाही. कुठलंही अचूक मशिन नसताना माणसाने अचूकपणा असा तयार केला. सीएनसीचा (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशिनचा) बेड सरळ आहे, तो ज्या मशिनवर बनला ते सरळ होतं म्हणून, आणि मागे मागे गेलात की शेवटी कुणाचा तरी हात सापडतो.

आमच्याकडे सीएनसीवर आलेली पोरं हुशार होती. प्रोग्रॅम माझ्यापेक्षा चांगला लिहायची, त्यांना मी कमी लेखणार नाही. पण टूल बोथट झालं की कटिंगचा आवाज बदलतो, तो ज्यांनी आधी हाताने काम केलं होतं त्यांना लवकर ऐकू यायचा. ताई, तुमच्या काचेचंही तसंच असणार. ताजी पूड टाकली की आवाज खरखरीत येईल, दाणे फुटत जातील तसा मऊ होईल, आणि मऊ झाला की पूड बदलायची वेळ. हे घड्याळाने सांगता येत नाही. कानाला सवय लागावी लागते.

एका गोष्टीवर मात्र कडक राहा. ८० नंबरचं काम झालं आणि १२० घेतलं की आधीचा एक दाणाही कुठे राहता कामा नये. काच धुवा, पिंप धुवा, हात आणि नखं धुवा, बाह्या वर करा, खालचा पेपर फेका. ४०० नंबरला असताना ८० चा एक दाणा मध्ये आला तर असा ओरखडा पडतो की पुन्हा मागच्या नंबरवर जावं लागतं. मुलांना स्वच्छतेवर निबंध लिहायला लावण्यापेक्षा हा धडा लाख पटीने बरा. त्यात कोणी ओरडावं लागत नाही, काचच सांगते.

कातळशिल्प

काका, प्रतिसाद जपून ठेवावा असा आहे.

मी रत्नागिरीत पदवीला भौतिकशास्त्र शिकवतो. या कामातला मला सगळ्यात थक्क करणारा भाग अजून कोणी लिहिला नाही, तो म्हणजे तपासणी. आरसा पॉलिश झाला, चकाकला, पण आकार बरोबर आहे का? चांगली प्रतिमा हवी तर पृष्ठभागावरची चूक साधारण ७० नॅनोमीटरच्या आत हवी. म्हणजे एक मिलिमीटरचे चौदा हजार भाग केले तर त्यातला एक. शाळेच्या स्क्रू गेजचं लघुतम माप ०.०१ मिमी, त्याच्याही शंभर पटींहून बारीक.

हे मोजायला लागतं काय? एक एलईडी, एक फट आणि एक दाढीचं पातं. लेओं फूको या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५० च्या दशकाच्या शेवटी ही पद्धत काढली. आरसा टेबलावर उभा करायचा, त्याच्या वक्रता केंद्रापाशी, म्हणजे आपल्या आरशासाठी २४०० मिमीवर, दिवा ठेवायचा. परत आलेला प्रकाश जिथे एकवटतो तिथे पातं हळूच आडवं सरकवायचं आणि पात्याच्या कडेवरून आरशाकडे बघायचं. आरसा शुद्ध गोलीय असेल तर सगळा एकदम, सारखा करडा होतो. कुठे उंचवटा किंवा खळगा असेल तर तो सावलीत उठून दिसतो, संध्याकाळच्या तिरप्या उन्हात माळावरचे चढउतार दिसतात तसा.

आता विद्यार्थ्यांना मी जे दाखवतो ते सांगतो. आरसा पातं लावून बघत असतानाच एकाला सांगायचं, जाऊन आरशावर अंगठा टेकव, थोडा वेळ धर आणि बाजूला हो. पुन्हा बघितलं की अंगठ्याच्या जागी काचेवर टेंगूळ आलेलं दिसतं. अंगठ्याच्या उबेने काच प्रसरण पावली, एवढंच झालेलं असतं. ते टेंगूळ डोळ्यांदेखत हळूहळू विरतं. नुसता तळहात आरशासमोर धरला तरी त्यावरून वर चढणारी गरम हवा धुरासारखी दिसते. 'उष्णतेने पदार्थ प्रसरण पावतात' हे वाक्य सातवी-आठवीपासून लिहिणारी पोरं तिथे गप्प होतात. पॉलिश केल्यावर काच निवेपर्यंत तपासणी का करायची नाही, हेही मग वेगळं सांगावं लागत नाही.

ठाणेकर, तुम्ही मोजमापाचं महत्त्व सांगितलंत ते शंभर टक्के मान्य. पण मोजमाप म्हणजे काय हे मुलाला इथे जितकं कळेल तितकं फोनवर तयार आलेल्या फोटोतून कळेल असं मला वाटत नाही.

कॅलिफोर्नियाकर

इथे ओकलंडच्या शॅबो विज्ञान केंद्रात शुक्रवारी संध्याकाळी दुर्बीण बनवणाऱ्यांची कार्यशाळा चालते, १९३० च्या दशकापासून. मी जात असतो. निवृत्त इंजिनिअर, शाळकरी मुलं, एखादी नर्स, सगळे आपापल्या काचेवर. प्रमाणपत्र नाही, परीक्षा नाही. काच झाली की घरी न्यायची.

सोप्या लाकडी दुर्बिणीचा प्रसार करणारे जॉन डॉब्सन इथल्याच सॅन फ्रान्सिस्कोचे. ते वेदान्त सोसायटीत संन्यासी होते. जहाजाच्या खिडक्यांच्या जुन्या काचा मिळवून आरसे घासायचे आणि लोकांना रस्त्यावर चंद्र दाखवायचे. दुर्बिणींपायी आश्रमाबाहेर फार वेळ जातो म्हणून १९६७ मध्ये त्यांना मठ सोडावा लागला. पुढच्याच वर्षी फुटपाथवर आकाश दाखवणारी मंडळी त्यांच्याभोवती जमली. पुठ्ठ्याची नळी, प्लायवूडची पेटी. आपल्याकडच्या शाळेला अशीच दुर्बीण परवडते, म्हणून सांगितलं.

औंढ्याचा_पोरगा

मी हिंगोली जिल्ह्यातला, आयटीआय करतोय. आमच्या औंढा नागनाथजवळ लायगो, म्हणजे गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा, होणार आहे, २०२३ ला केंद्राने मंजुरी दिली. त्यात आरसे असतात असं वाचलं. हे आरसा घासायचं शिकलं तर तिथे कामाला लागता येईल का? इथे दुसरं काही नाही म्हणून विचारतो.

कातळशिल्प

मित्रा, सरळ सांगतो. लायगोचे मुख्य आरसे ४० किलोचे, ३४ सेंमी व्यासाचे, शुद्ध सिलिकाचे असतात. त्यांचं पॉलिश हाताने, पिंपावर होत नाही. तीस मीटर व्यासाच्या नियोजित दुर्बिणीच्या आरशाचे काही तुकडे भारतात पॉलिश व्हायचे आहेत, त्यासाठी बंगळुरूजवळ होसकोटेला भारतीय खगोलभौतिकी संस्थेच्या आवारात सुविधा उभी केली आहे. तिथेही यंत्रं. पण अशा प्रकल्पांना फिटर, व्हॅक्यूमची कामं जाणणारे, इलेक्ट्रॉनिक्सचे तंत्रज्ञ लागतात. तुझा ट्रेड नीट पूर्ण कर, भरतीच्या जाहिरातींवर लक्ष ठेव. आरसा घासशील तर आवड म्हणून घास. मुलाखतीत त्याबद्दल बोलता आलं तर फायदाच होईल, पण नोकरीची हमी म्हणून त्याकडे बघू नकोस.

गुण्या_कानस

सरांनी बरोबर सांगितलं. पोरा, कानस सोडू नको. व्हर्निअर, मायक्रोमीटर डोळे मिटून वाचता आला पाहिजे. काही अडलं तर मला निरोप टाक.

ठाणेकर

फूको चाचणीचं वाचून मी काल रात्री बराच वेळ विचार केला. माझं मत पूर्ण बदललेलं नाही. शहरातल्या शाळेला, जिथे आकाशच उरलेलं नाही, तिथे मी अजूनही कॅमेऱ्याचीच दुर्बीण सुचवेन. पेंच व्याघ्र प्रकल्पाला २०२४ मध्ये भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली, इतकं अंधारं आकाश आता आपल्याकडे दुर्मीळ झालंय. तुमच्या माणदेशाच्या बाजूला मात्र अंधार शिल्लक असेल, तिथे सहा इंची आरसा वाया जाणार नाही.

तीन मुलं काम करतात आणि बाकीची बघतात यावर एक उपाय सुचतो. पात्याच्या मागे डोळ्याऐवजी फोनचा कॅमेरा लावा आणि तो वर्गातल्या प्रोजेक्टरला जोडा. सावली सगळ्या वर्गाला एकदम दिसेल. अंगठ्याचं टेंगूळसुद्धा. फोटो साठवून ठेवा, म्हणजे मुलांना पॉलिशच्या आधी आणि नंतर काय फरक पडला ते मोजता येईल. एवढं सॉफ्टवेअर मी लिहून देतो, पैसे नकोत.

दुसरं, सहा इंचाऐवजी साडेचार इंची आरसा घ्या, नाभीय अंतर ९०० मिमीच्या आसपास. सहा इंची एफ-८ (नाभीय अंतर व्यासाच्या आठपट) आरसा गोलीय ठेवला तर प्रतिमा जेमतेम चालण्यासारखी येते, नीट हवी तर त्याला पॅराबोलाचा, म्हणजे गोलापेक्षा किंचित वेगळा, आकार द्यावा लागतो आणि नवशिक्यांचे हाल होतात ते तिथेच. साडेचार इंचाला गोलीय आकार निर्धास्त चालतो. शनीची कडी, गुरूचे पट्टे, मृगातला तेजोमेघ, सगळं दिसेल.

स्वातीनक्षत्र

ठाणेकर, हे फार छान झालं. पुण्यात मुलांसाठी असं काही नियमित चालतं का? टिळक स्मारक मंदिरात ज्योतिर्विद्या परिसंस्था आहे हे माहीत आहे, १९४४ पासूनची, तिथे विचारते. रविवारची चाचणी एखादी बुडली तरी चालेल, असं मी आणि तिच्या बाबांनी ठरवलं आहे.

शर्मिष्ठा

सगळ्यांचे मनापासून आभार. मुख्याध्यापकांना हा धागा दाखवला, त्यांनी शेवटपर्यंत वाचला.

असं ठरलं आहे. साडेचार इंची दोन आरसे. प्रत्येकाला मुलांचे चार गट, आळीपाळीने, आठवड्यातून दोन दिवस शाळा सुटल्यावर. प्रत्येक गटाने पाळी संपली की वहीत नोंद करायची: कुठला नंबर, किती वेळा पूड बदलली, आरसा किती खोल झाला. पुढच्या गटाने ती वाचूनच हात लावायचा. तपासणी सगळ्या वर्गासमोर, फोन आणि प्रोजेक्टर लावून. सुरुवात दिवाळीनंतर, कारण उन्हाळ्यात आमच्याकडे पिच इतकं मऊ पडतं की त्यावर पाडलेल्या खाचा बुजून जातात. उरलेल्या पैशांत ॲल्युमिनियमचा मुलामा आणि दोन आयपीस. तयार दुर्बीण यंदा नाही.

ठाणेकर, थंडीत एखाद्या अमावास्येला तुमची सीस्टार घेऊन याच. मुलांनी घासलेल्या आरशातून आणि तुमच्या पडद्यावर एकच तेजोमेघ दोन्हीकडे दाखवू.

कातळशिल्प सर, एक राहिलं. साडेचार इंचासाठी एक इंच जाड काच आमच्याकडे मिळत नाही, पाऊण इंच चालेल का?

कातळशिल्प

चालेल. जाडी व्यासाच्या सहाव्या भागाइतकी असली की पुरे, पाऊण इंच म्हणजे बरोबर तेवढीच. कडेला आधी सहाणेने बारीक उतार मारून घ्या, नाहीतर घासताना कपचे उडतात. मुलांना हात लावू देण्याआधी ते तुम्हीच करा.

गुण्या_कानस

ताई, प्रत्येक नंबरच्या पुडीला वेगळी बादली आणि वेगळं फडकं ठेवा, बादल्यांचे रंग वेगळे घ्या म्हणजे पोरांचा घोळ होणार नाही. दिवाळीनंतर मी साताऱ्याला येतो. मुक्कामाची सोय बघू नका, तिथे माझी बहीण राहते.